जुन्या इंजिनाचं ऑइल प्रेशर का पडतं?

इंजिन चांगलं तापलेलं, गाडी जागेवर उभी, आणि ऑइल प्रेशरचा काटा हळूहळू शून्याकडे कलतोय. अशा वेळी जुन्या गाड्यांचे मालक सहसा दोन टोकांना जातात. काही जण त्या गेजकडे बघायचंच सोडून देतात, काही जण लगेच इंजिन उतरवायला निघतात. पहिल्यांचा क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) जातो, दुसऱ्यांचे पैसे. खरं तर काटा कधी पडतो, कधी चढतो आणि कधी थरथरतो, एवढं नीट पाहिलं तरी दोष इंजिनाच्या कुठल्या भागात आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो, आणि तोही एकही नट न खोलता.

एक अपवाद आधीच सांगतो. चालत्या गाडीत काटा एकाएकी शून्यावर पडला किंवा लाल दिवा लागून राहिला, तर निदान वगैरे सगळं नंतर. क्लच दाबा, इंजिन बंद करा, गाडी कडेला घ्या. ‘आता थोडंच तर राहिलंय’ हा हिशेब इथे चालत नाही. ऑइल पोचायचं पूर्ण थांबलं की बेअरिंगचा, म्हणजे शाफ्ट ज्या बैठकीत फिरतो तिचा, मऊ धातू वितळून शाफ्टला चिकटायला फार वेळ लागत नाही. पुढचं सगळं ‘कमी’ प्रेशरबद्दल आहे, ‘शून्य’ प्रेशरबद्दल नव्हे.

प्रेशर येतं कुठून

पंपाचं काम एवढंच की चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पात्रातलं, ऑइल उचलायचं आणि पुढे ढकलायचं. पंप गिअरचा असो की रोटरचा, दर फेऱ्याला तो ठरावीक ऑइल पुढे टाकतो. प्रेशर तयार होतं ते पुढे अडथळा असतो म्हणून. ऑइल गॅलरीतून (ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेतून) क्रँकशाफ्टला धरणाऱ्या मेन बेअरिंगांत जातं, तिथून क्रँकशाफ्टमधल्या भोकांतून बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकशाफ्टकडच्या टोकाला, दुसऱ्या वाटेने व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्ट आणि रॉकरला, आणि शेवटी बेअरिंग नि शाफ्ट यांच्यामधल्या बारीक फटीतून निथळून परत चेंबरमध्ये पडतं. फट जितकी बारीक, तितकं ऑइल अडतं आणि तितका काटा वर राहतो. घरातले सगळे नळ एकदम उघडले की शॉवरची धार मंदावते. टाकी तीच, पाइप तोच. झिजलेलं प्रत्येक बेअरिंग म्हणजे असा एक उघडा राहिलेला नळ.

या फटीचं गणित जरा निर्दयी आहे. शाफ्टच्या दर इंच व्यासामागे साधारण एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, एवढी फट ठेवायचा जुना प्रघात आहे. दोन इंची जर्नलला, म्हणजे शाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला, दोन थाऊ. ती झिजून चार थाऊ झाली की गळणारं ऑइल दुप्पट होईल असं वाटतं, पण ते होतं साधारण आठपट, कारण गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणूनच प्रेशर वर्षानुवर्षं ठीक दिसतं आणि मग थोड्याच काळात घसरल्यासारखं वाटतं. झीज तिच्या संथ चालीनेच चाललेली असते, गळती मात्र धावत सुटते.

मग कमी म्हणजे नक्की किती? मिस्त्री लोकांचा ठोकताळा असा की दर 1000 आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) 10 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं माप) असावं. याला कारण आहे. मेन बेअरिंगमधून क्रँकशाफ्टच्या भोकात शिरणाऱ्या ऑइलला आधी शाफ्टच्या मध्याकडे जावं लागतं आणि फिरता शाफ्ट त्याला बाहेर फेकत असतो. फेरे वाढले की हा विरोधही वाढतो, म्हणून वेगात प्रेशर जास्त लागतं आणि आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, थोडक्यात भागतं. शिवाय बेअरिंगमध्ये शाफ्टला उचलून धरणारी ऑइलची फिल्म पंपाच्या जोरावर उभी नसते. शाफ्ट स्वतः फिरताना ऑइल फटीत ओढून घेतो आणि तिथला दाब गेजवरच्या आकड्याच्या कितीतरी पट असतो. पंपाने फक्त ती फट रिकामी पडू द्यायची नाही. तापलेल्या इंजिनात आयडलिंगला 10-12 पीएसआय दिसलं म्हणून झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

शेवटी खरा आकडा त्या त्या इंजिनाच्या मॅन्युअलचाच. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला चालताना 50 ते 80 आणि आयडलिंगला 10 ते 25 पीएसआय चालतं. जॅग्वारच्या एक्सके इंजिनाला गरम असताना 3000 आरपीएमवर 40 पीएसआय अपेक्षित असतं. शेव्हरोलेच्या जुन्या सहा सिलिंडर इंजिनांत, म्हणजे 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या, कनेक्टिंग रॉडना पूर्ण प्रेशरने ऑइल मिळतच नव्हतं. तिथे 15 पीएसआयच्या आसपासचा काटा तब्येत उत्तम असल्याचं लक्षण आहे. फोर्ड मॉडेल ‘ए’चा पंप ऑइल नुसतं वर उचलून देतो, पुढे ते आपल्या वजनाने खाली उतरतं आणि रॉड ते उडवतात. त्या गाडीला प्रेशर गेजच दिलेलं नाही. कुणीतरी हौसेने बाहेरचं गेज बसवतो आणि मग काटा हलत नाही म्हणून हवालदिल होतो.

आधी गेजची उलटतपासणी

जुन्या गाडीत गेज इंजिनाइतकंच जुनं असतं, हे लोक विसरतात. तांब्याच्या बारीक नळीतून थेट ऑइल येणारं मेकॅनिकल गेज त्यातल्या त्यात प्रामाणिक. त्याच्या आत अर्धगोल वाकवलेली चपटी नळी असते. दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. बिघडली तर ती बहुधा सतत तेवढंच कमी किंवा जास्त दाखवते, किंवा इंजिन बंद केल्यावरही काटा शून्यावर येत नाही. नळीत गाळ साचला असेल तर काटा आळशासारखा चढतो.

विजेवर चालणाऱ्या गेजचं रडगाणं वेगळं. सेंडर, म्हणजे ब्लॉकवर बसून प्रेशरचा इशारा गेजला पाठवणारा भाग, आपली अर्थिंग इंजिनाच्या ब्लॉकमधून घेतो. गळती थांबावी म्हणून त्याच्या आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप भरपूर गुंडाळली, तर ती अर्थिंग तुटू शकते आणि काटा मनाला येईल तसा वागतो. नुसता दिवा असेल तर तो फारच उशिरा बोलतो. फोक्सवॅगन बीटलचा दिवा प्रेशर 2 ते 6 पीएसआयच्या दरम्यान उतरल्यावर लागतो. दिवा विझलेला आहे याचा अर्थ एवढाच की प्रेशर अगदीच संपलेलं नाही.

म्हणून पहिलं काम: सेंडर काढून त्या जागी खात्रीचं मेकॅनिकल टेस्ट गेज लावायचं. आट्या कुठल्या मापाच्या आहेत ते आधी बघा, कारण जुन्या ब्रिटिश, अमेरिकन आणि युरोपीय इंजिनांच्या आट्या वेगवेगळ्या असतात आणि जबरदस्तीने पिळलेलं कनेक्शन ब्लॉकच्या आट्या खाऊन टाकतं. मग चार वाचनं लिहून घ्यायची. थंड इंजिनाचं आयडलिंग, थंड इंजिन वेगात, गरम आयडलिंग आणि गरम वेगात. गरम म्हणजे खरोखर गरम. पाण्याचा काटा जागेवर आला तरी ऑइल अजून कोमटच असतं. त्याला तापायला पाण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. गॅरेजमध्ये पाच मिनिटं इंजिन रेस करून घेतलेलं वाचन काही कामाचं नाही. अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणा आणि मग बघा.

मग ऑइल, आणि इथे घाई नको

डिपस्टिक बाहेर काढा. पातळी कमी असेल तर गोष्ट तिथेच संपते. वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर काटा झुकत असेल तर बहुतेक हेच. पातळी खुणेच्या बरीच वर असेल तर ते त्याहून वाईट. क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून फेस करतो, पंप फेस ओढतो, आणि हवेचे बुडबुडे बेअरिंगचं काहीही भलं करत नाहीत.

पातळी आपोआप वर चढत असेल तर मात्र सावध. आपण ऑइल ओतलेलं नाही, मग आलं काय? इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला जुना पेट्रोल पंप असेल तर त्याचा रबरी पडदा फाटून पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला लवकर खातं, त्यामुळे हा दोष हल्ली जास्त दिसतो. पेट्रोल पंप विजेवरचा आणि वेगळा असेल तर संशय कार्ब्युरेटरवर: फ्लोटची सुई बसत नाही किंवा चोक ओढलेलाच राहतो. डिपस्टिकवरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळा. चांगलं ऑइल बोटांमध्ये गुळगुळीत सरकतं आणि बोटं दूर केली की तार धरतं. पेट्रोल मिसळलेलं ऑइल पाण्यासारखं तुटतं आणि नाकाजवळ नेलं की वास लपत नाही. दुसरा थेंब टिपकागदावर टाकून ठेवा. काळ्या डागाभोवती फिकट, रुंद, ओलसर कडं पसरत गेलं तर संशय पक्का. अशा वेळी नुसतं ऑइल बदलून उपयोग नाही. पेट्रोल कुठून येतंय ते बंद केल्याशिवाय नवं ऑइलही तसंच होणार.

ऑइल दुधाळ, चहासारखं झालेलं असेल तर त्यात पाणी आहे आणि मामला बहुधा हेड गॅस्केटचा. गाडी कमी चालवली जात असेल तर ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पांढरट मळ नुसत्या दवानेही जमतो. डिपस्टिकवर आहे का, हे बघा.

ग्रेडचा, म्हणजे ऑइलच्या घट्टपणाच्या आकड्याचा, घोळ फार सामान्य आहे. आधुनिक गाड्यांसाठीचं 5डब्ल्यू-30 उत्तम ऑइल असतं, पण जुन्या इंजिनाची फट त्याच्यासाठी बनवलेली नसते. 100 अंश सेल्सिअसला 30 ग्रेडच्या ऑइलची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक्स असते, 50 ग्रेडची 16.3 ते 21.9. म्हणजे तेच इंजिन, तीच झीज, आणि फक्त 20डब्ल्यू-50 भरल्याने गरम आयडलिंगचा काटा ठळकपणे वर येऊ शकतो. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय त्याच्याशी आपण भरलेलं ताडून पाहा. काही दुरुस्त्या इथेच संपतात. उलट, मॅन्युअलपेक्षा खूप जाड ऑइल किंवा डब्यातलं मधासारखं ‘ट्रीटमेंट’ ओतून काटा उचलणं म्हणजे गेजला औषध देणं. थंड सकाळी तेच जाड ऑइल बेअरिंगपर्यंत पोचायला उशीर लावतं, आणि सुरू होतानाचे ते क्षण बेअरिंगला सगळ्यात महाग पडतात.

फिल्टर पटकन उरकू. ऑइल बदलल्यानंतर लगेच प्रेशर पडलं असेल तर चुकीचा फिल्टर, जुनं रबर रिंग खाली तसंच राहून त्यावर बसलेलं नवं, किंवा फिल्टरच्या भांड्यातली स्प्रिंग उलटी. सकाळी सुरू केल्यावर काटा बराच वेळ उठत नसेल तर फिल्टर रात्रभर रिकामा होत असतो; आत परतवाट अडवणारा रबरी पडदा असलेला फिल्टर लावला की बहुधा भागतं. बऱ्याच जुन्या इंजिनांत फिल्टर मुख्य वाटेवर नसून फाट्यावर असतो, ज्यातून थोडंसं ऑइल गाळून परत चेंबरमध्ये सोडतात. त्या फाट्यावर कुठेतरी मुद्दाम ठेवलेलं बारीक छिद्र असतं. कुणी ते मोठं केलं किंवा जोडणी बदलताना गमावलं, तर प्रेशर तिथूनच निसटतं आणि माणूस बेअरिंगं बदलत बसतो.

काटा काय म्हणतो

गेज खरं, ऑइल योग्य, तरी प्रेशर कमी. आता ती चार वाचनं समोर ठेवा.

थंड असताना भरपूर, गरम वेगात ठीक, फक्त गरम आयडलिंगला कमी: ही फटी वाढल्याची, म्हणजे वयाची खूण. आवाज नसेल आणि आकडा मॅन्युअलच्या किमान मर्यादेच्या खाली गेला नसेल, तर मी अशी गाडी खुशाल चालवीन आणि वाचनं लिहीत राहीन.

थंड असतानाही कमी, वेगातही कमी, सगळीकडेच कमी: पंप झिजलाय, जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, किंवा गॅलरीचा एखादा प्लग बसवायचाच राहिलाय. शेवटचं कारण ओव्हरहॉलनंतर लगेच दिसतं.

रेस वाढवली की आधी चढतं आणि वरच्या वेगात उलट पडतं: पंपाला ऑइल पुरत नाही. चेंबरमधली जाळी गाळाने भरली असणार.

काटा थरथरतो: पंपाच्या ओढीच्या बाजूला कुठेतरी हवा शिरतेय. ओढनळीला तडा, सैल जोड, फाटलेलं गॅस्केट. हे ठिकाण ऑइलच्या पातळीच्या वर असेल तर बाहेर एक थेंबही गळत नाही, म्हणून नजरेतून सुटतं.

आणि एक दिवस सगळं ठीक, दुसऱ्या दिवशी अर्ध्यावर: झीज अशी रातोरात होत नाही. रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय असं धरून चाला.

रिलीफ व्हॉल्व्ह: सगळ्यात बदनाम, सगळ्यात सोपा

थंड, जाड ऑइलने प्रेशर वाटेल तितकं चढू नये म्हणून ही सोय असते. स्प्रिंग एका प्लंजरला किंवा गोळीला तिच्या बैठकीवर दाबून धरते. ठरलेल्या प्रेशरला प्लंजर उठतो आणि जादा ऑइल परत चेंबरला जातं. बऱ्याच इंजिनांत तो बाहेरून एक मोठा नट काढला की हातात येतो. एमजीबीच्या ब्लॉकच्या मागच्या भागात, डाव्या बाजूला तो घुमटाकार नट दिसतो.

नट काढताना वॉशर किती होते आणि कुठल्या क्रमाने होते ते बघून ठेवा. स्प्रिंग बाहेर येते, प्लंजर बऱ्याचदा आत चिकटून बसतो आणि चुंबकाने किंवा आत घट्ट बसेल अशा लाकडी काडीने ओढावा लागतो. त्याच्या टोकाकडे उजेडात बघा. बैठकीवर टेकणारी चकचकीत कडी अखंड गोल दिसली पाहिजे. ती एका जागी तुटलेली असेल, तिथे खाच असेल किंवा धातूचा कण रुतलेला असेल, तर त्या वाटेने ऑइल चोवीस तास गळतंय. बाजूंवर उभे ओरखडे असतील तर तो नळीत अडकून उघडा राहत असणार. स्प्रिंगची मोकळी लांबी मॅन्युअलशी ताडा. धुऊन, ऑइल लावून प्लंजर आत सोडला की स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे.

आता तो सुप्रसिद्ध जुगाड: स्प्रिंगखाली वॉशर टाकून तिला ताठ करणं. रिलीफ व्हॉल्व्ह समजा 60 पीएसआयला उघडतो. गरम आयडलिंगला तुमचं प्रेशर 8 आहे. म्हणजे त्या वेळी व्हॉल्व्ह आधीच घट्ट बंद आहे, आणि बंद दार आणखी जोराने दाबून धरल्याने काहीच बदलत नाही. 8 चे 8 च राहतात. वाढतो तो फक्त थंड इंजिनाचा वरचा आकडा, आणि त्याचा भार पंप आणि त्याला फिरवणाऱ्या गिअरवर पडतो. वॉशरला अर्थ तेव्हाच, जेव्हा स्प्रिंग थकून वेगातलं प्रेशर ठरल्यापेक्षा खाली अडतंय. तेव्हाही नवी स्प्रिंग मिळत असेल तर तीच घालावी.

चेंबर खोलल्यावर

इथवर काही सापडलं नाही तर चेंबर उतरवायचं. बऱ्याच गाड्यांत हे इंजिन जागेवर ठेवून जमतं. तळाशी काय जमलंय ते पुसून टाकायच्या आधी नीट बघा. काळा, लोण्यासारखा गाळ म्हणजे जाळी तपासा. वर्षानुवर्षं साधं, डिटर्जंट नसलेलं ऑइल पिऊन बसलेल्या इंजिनाला एकदम डिटर्जंटवालं ऑइल पाजलं, तर सुटलेला गाळ जाळीवर येऊन बसू शकतो. चकाकते, चपटे, चंदेरी किंवा तांबूस कण दिसले तर ते बेअरिंगचे. चुंबकाला चिकटतात ते दुसऱ्या कुणाचे तरी.

पंप उघडून त्याच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टी नि रोटर यांच्यामध्ये फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहा. एमजीबीच्या रोटर पंपाला इथे जास्तीत जास्त 5 थाऊ चालतात, रोटरच्या टोकांमध्ये 6 आणि बाहेरचा रोटर नि बॉडी यांच्यामध्ये 10. इतर पंपांचे आकडे वेगळे, पण घराणं हेच. झाकणाच्या आतल्या बाजूला रोटरने खोदलेले गोल चर दिसले तर जाड काचेवर वॉटर पेपर ठेवून, ऑइल लावून झाकण घासून सपाट करता येतं. पुष्कळ पंप नुसत्या एवढ्याने सुधारतात. जास्त ऑइल फेकणारा मोठा पंप बसवायची शिफारस मी करणार नाही. उघडे नळ तसेच ठेवून मोठी मोटर लावण्याने काटा वर येतो, बेअरिंग नाही.

बेअरिंगकडे जायच्या आधी कान वापरा. बिग एंड गेलं असेल तर हलक्या ॲक्सिलरेटरवर किंवा पाय उचलताच कडक टकटक येते, आणि त्या सिलिंडरचा स्पार्क प्लग शॉर्ट केला की ती दबते. मेन बेअरिंगचा आवाज खोल, जड, लोड आल्यावर येणारा ठोका. कमी प्रेशर आणि यातला आवाज एकत्र आले की गाडी चालवणं थांबवायचं, मग काटा काहीही म्हणो.

शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) काढताना दोन्ही अर्धे बघा. सिलिंडरमधल्या स्फोटाचा मार कनेक्टिंग रॉडच्या वरच्या आणि मेन बेअरिंगच्या खालच्या शेलवर बसतो, त्यामुळे खालचा बिग एंड शेल बघून समाधान मानणारा फसतो. राखाडी, एकसारखा, मंद पृष्ठभाग चांगला. तीन थरांच्या शेलमध्ये खालून तांबं डोकावायला लागलं की त्याचे दिवस भरले. फट मोजायला प्लॅस्टिगेज नावाचा मऊ धागा मिळतो. तो जर्नलवर ठेवायचा, कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळायची, शाफ्ट अजिबात न फिरवता पुन्हा काढायची आणि चपटा झालेला धागा किती रुंद झाला ते पाकिटावरच्या पट्टीशी ताडायचं. जर्नल अंडाकृती झिजलेला किंवा ओरखडलेला असेल तर नवे शेल टाकून काही साधत नाही. शाफ्ट ग्राइंड करून कमी मापाचे शेल घालावे लागतात. युद्धापूर्वीच्या ओतीव व्हाइट मेटलच्या इंजिनांत कॅपखाली पातळ शिम (धातूच्या पट्ट्या) असतात आणि ते एकेक काढून फट कमी करता येते. अशी दुरुस्ती जपून केली तर शाफ्ट न उतरवताही होते.

सगळं परत बांधल्यावर पंप कोरडा ठेवू नका. आत ऑइल भरा. रोव्हर व्ही-8 सारख्या, ऑइल ओढायला कुरकुर करणाऱ्या इंजिनांत पंपाचे गिअर व्हॅसलिनने भरून बसवतात, म्हणजे पहिल्या फेऱ्यालाच ओढ मिळते. तिथे ग्रीस वापरू नये, ते ऑइलमध्ये नीट विरघळत नाही आणि बारीक वाटा तुंबवतं. मग सगळे स्पार्क प्लग काढून, इग्निशन तोडून, थोडं थांबत थांबत स्टार्टर मारा. कॉम्प्रेशन नसल्याने बेअरिंगवर भार येत नाही आणि काटा उठताना दिसतो. तो उठल्यावरच प्लग लावायचे, आणि इंजिन पूर्ण तापलं की तीच चार वाचनं नव्याने घेऊन जुन्या आकड्यांशेजारी लिहायची.